पिलर कुठे सोडायचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात मी भूमिगत खाणींवर दोन पानं लिहिली होती. विषय एवढाच होता की जमिनीखालून कोळसा किंवा मँगनीज काढलं की वर जे जुनं उभं आहे किंवा पुरलेलं आहे त्याचं काय होतं. त्यावर पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून इतके प्रश्न आले की संपादक म्हणाले यावेळी लेख नको, उत्तरंच द्या. तर देतो. मी तीसेक वर्षं खाणीत सर्व्हेअर होतो, पुरातत्त्वाचं शिक्षण नाही, नुसती आवड. त्यामुळे दगड किती जुना आहे ते मला विचारू नका, तो किती खाली जाईल ते विचारा.

आम्ही भद्रावतीचे. विजासनच्या लेण्यांत लहानपणापासून जातो. आजूबाजूला कोळसाच कोळसा आहे, ओपनकास्टचे (उघड्या खाणींचे) ढिगारे तर घरातून दिसतात. उद्या कोणी लेण्यांच्या बाजूने अंडरग्राउंड खाण घेतली तर लेणी ढासळतील का? लोक म्हणतात अंडरग्राउंड बरी, धूळ नाही, ब्लास्टिंगचा त्रास नाही, खरं आहे का? (एक वाचक, भद्रावती)

धुळीच्या बाबतीत खरं आहे. बाकीचं समजून घ्यायला खाली काय चालतं ते आधी बघा.

आपल्याकडे बहुतेक जुन्या खाणी बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. म्हणजे कोळशाच्या थरात गल्ल्या काढायच्या आणि मधेमधे कोळशाचेच चौकोनी खांब ठेवायचे, वरचं छत त्या खांबांवर. इथपर्यंत वर काही कळतही नाही. गडबड सुरू होते डिपिलरिंगला. जाताजाता मागचे खांबही काढून घेतात, छत मुद्दाम खाली पडू देतात, त्या पडलेल्या भागाला गोफ म्हणतात. गोफ पडला की वरचे थर वाकतात आणि शेवटी जमिनीवर बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. तीन मीटरचा थर पूर्ण काढून छत पाडलं तर वरची जमीन त्याच्या साठ टक्क्यांपर्यंत, म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खाली जाऊ शकते. तेच पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरली, ज्याला आम्ही सँड स्टोइंग म्हणतो, तर साधारण पाच टक्के, म्हणजे वीतभर सुद्धा नाही.

आता गंमत अशी (गंमत कसली) की बशीच्या मधोमध जे असतं ते सगळं मिळून सारखं खाली जातं, त्याला त्रास कमी. त्रास काठावर. काठावर जमीन ताणली जाते, फाटते. एखादं कौलारू घर थोडं वाकून घेईल, लाकूड आहे, सांधे आहेत. विजासनचं लेणं म्हणजे डोंगरात सरळ आत गेलेला लांब बोळ, शेवटाला बसलेला बुद्ध आणि दोन्ही बाजूंना फुटलेले बोळ, सगळं एकाच दगडात कोरलेलं. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७३-७४ च्या दौऱ्यात त्याचं वर्णन करून ठेवलंय. अशा दगडाला सांधा नाही, तो वाकत नाही, सरळ तडकतो, आणि एकदा चीर गेली की पुढचं काम पावसाळ्याचं पाणी करतं, त्याला खाणीची गरज राहत नाही. त्यामुळे ‘ढासळतील का’ पेक्षा ‘ताणाच्या पट्ट्यात येतात का’ असा प्रश्न विचारा.

तो पट्टा किती लांब जातो? कायद्यात दोन आकडे सापडतील. खाणींच्या रेग्युलेशनमध्ये रेल्वे, सार्वजनिक रस्ते, इमारती यांच्यापासून ४५ मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करायचं नाही असं आहे. आणि प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात, २०१० च्या दुरुस्तीनंतर, संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. दोन्ही अंतरं वर, जमिनीवर मोजतात. पण खालून वर येताना ओढ तिरकी, बाहेरच्या बाजूला जाते. ब्रिटनच्या कोळसा खाणींत हा कोन उभ्या रेषेपासून ३५ अंश धरायची पद्धत होती, आपल्याकडे खडकाप्रमाणे कमीजास्त भरतो. ३५ धरा. थर १५० मीटर खोल असेल तर गोफाच्या काठापासून १०५ मीटर लांबपर्यंत जमीन हलू शकते. म्हणजे ४५ कुठच्या कुठे राहिले आणि १०० सुद्धा पुरले नाहीत. २०० मीटर खोल असेल तर १४० मीटर. आकडा पाठ करू नका, खोली विचारा आणि कोन विचारा.

एक जाताजाता. त्या कायद्यात १०० मीटर ‘सर्व दिशांना’ असे शब्द आहेत. मी वकील नाही, पण सर्व दिशांमध्ये खालची दिशा येत नाही असं मला कोणी अजून पटवून दिलेलं नाही.

चंद्रपूरच्या परकोटाला आमच्या घरामागे मोठी भेग आहे आणि आमच्या भिंतीला पण. शेजारी म्हणतात खाणीमुळे, इंजिनियर म्हणाला काळी माती आहे, असं होणारच. कोणाचं खरं धरायचं? (निवृत्त शिक्षिका, चंद्रपूर)

बाई, दोघांचंही खरं असू शकतं हीच अडचण आहे. चंद्रपूर शहराला खेटूनच भूमिगत खाणी आहेत, महाकाली, लालपेठ, दुर्गापूर रय्यतवारी ही नावं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. २०२२ मध्ये घुग्घुसला एक अख्खं घर डोळ्यादेखत जमिनीत गेलं, तेव्हापासून आपल्याकडे भेग दिसली की पोटात गोळा येतो. पण काळी माती पण काही साधी नाही, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि मृगाच्या पावसात मिटते.

वर्षभर लक्ष ठेवलं तर फरक घरबसल्या कळतो. मातीची भेग ऋतूबरोबर उघडझाप करते आणि वाटेल तशी, जाळ्यासारखी पसरते. खाणीची भेग मिटत नाही, लांबच लांब एका रेषेत किंवा कमानीत जाते आणि बहुतेक वेळा तिची एक बाजू दुसरीपेक्षा खाली असते, पायरीसारखी. बोट फिरवलं तरी समजतं. बाजूच्या विहिरीचं पाणी अचानक उतरलं असेल तर ते पण तारखेसकट लिहून ठेवा, कारण खाण कोरडी ठेवायला पंप चालतात, भूजल खाली जातं आणि माती आक्रसते. मग भेग मातीची खरी, पण कारण खाणीचं. असं पण होतं.

परकोटाच्या भेगेवर हे करा, वीस-तीस रुपयांचं काम आहे. काचवाल्याकडून पातळ काचेच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून आणा. भेगेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसचा एकेक गोळा, त्यावर पट्टी आडवी, आणि गोळ्यावर ओला असतानाच खिळ्याने तारीख कोरा. भेग हलली की काच फुटते. महिन्यातून एकदा त्याच जागी उभं राहून, बाजूला पट्टी धरून फोटो. जुन्या दगडावर काही चिकटवायचं म्हणजे आधी पुरातत्त्व खात्याला विचारून, तेवढं मात्र पाळा, नाहीतर स्वतःच्या भिंतीवर लावा, ती तुमचीच आहे. इको-प्रो या संस्थेच्या मुलांनी हाच परकोट झाडंझुडपं तोडून साफ केला, त्यामुळे आज भेग दिसते तरी. आधी तिथे काय होतं ते तुम्हाला आठवत असेल.

काका, सावनेर तालुक्यात आमच्या वावरात मोठ्या दगडांचं गोल आहे, दोन-तीन आहेत, आजोबा गवळ्यांचा वाडा म्हणायचे. आता खालून खाण येणार म्हणतात. मी फोटो पाठवलेत. हे काही महत्त्वाचं आहे का आणि असेल तर काय करू? जमिनीवरून काही नेणार नाही म्हणतात, मग टेन्शन घ्यायचं का? (बी.ए. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी)

बेटा, फोटोवरून तरी ती शिळावर्तुळं वाटतात. विदर्भात लोखंड वापरणाऱ्या लोकांनी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, आपली माणसं पुरून वर असे दगड रचले. नागपूरजवळ काटोल रोडला जुनापाणी आहे तिथे एकदा जाऊन ये, शेकडो वर्तुळं आहेत, काही दगडांवर वाटीसारखे खोलगट खळगे केलेत. माहुरझरीला अशाच वर्तुळांत घोड्याचे अवशेष आणि घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने सापडलेत, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. म्हणजे तुझ्या वावरात बघायला नुसते दगड असले तरी खाली कोणीतरी असू शकतं.

टेन्शनचं सांगायचं तर मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. नोकरी लागून चार-पाच वर्षं झाली होती, एका खाणीत, नाव नको. पॅनलच्या, म्हणजे खाली एका वेळी काढायला घेतलेल्या भागाच्या, वर जमीन किती खचते ते मोजायला आम्ही खुंट्या ठोकायचो आणि दर पंधरा दिवसांनी डम्पी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन रीडिंग. एका ठिकाणी खुंटी ठोकायची गरजच पडली नाही, कारण तिथे गोलात ठेवलेले मोठे दगड होते, पक्के बसलेले. मीच त्यातल्या एकावर लाल ऑइलपेंटने फुली मारली आणि खाली नंबर टाकला, १४. हजारो वर्षं हलला नाही तो आता कशाला हलतोय, अशी जोक पण मारली होती. डिपिलरिंग सुरू झाल्यावर १४ नंबर चार महिन्यांत चाळीस सेंटिमीटर खाली गेला. खाली गेला ते गेला, वर्तुळ तसंच होतं, थोडं कललं एवढंच, आणि मधून एक भेग गेली, हात घालता येईल इतकी.

खरा घात त्यानंतर झाला. भेगा बुजवाव्याच लागतात, नाहीतर वरून हवा आणि पावसाचं पाणी खाली जातं, कोळसा तापतो, आग लागते, आणि वर गुरं-माणसं अडकतात. म्हणून वरून ऑर्डर आली, भेगा भरा. डोझर आला. डोझरवाल्याला भेगेत टाकायला काहीतरी हवं होतं आणि बाजूलाच आयते मोठे दगड गोल मांडून ठेवलेले. दुपारी मी मोजणीची उभी पट्टी घेऊन पोचलो तर १४ नंबर भेगेत उलटा पडला होता, लाल फुली खालच्या बाजूला. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ‘स्टेशन १४ नष्ट’, स्टेशन म्हणजे आमची मोजणीची खूण. स्टेशन! तेव्हा मला तेवढंच कळत होतं.

म्हणून ‘जमिनीवरून काही नेणार नाही’ यावर विसंबू नकोस. भूमिगत खाणीला पण वर बोअर मारावे लागतात, ड्रिलिंगची गाडी जायला रस्ता लागतो, पंखाघर लागतं, मुरूम लागतो आणि शेवटी भेगा भराव्या लागतात. जमीन खचून जेवढं जातं त्यापेक्षा या वरकामात जास्त जातं, हे मी पाहून सांगतोय.

आता तू काय करायचं. आधी, खणायचं नाही, कितीही मोह झाला तरी. १८७८ चा गुप्तनिधी कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. आणि तू खणलंस तर तिथली माहितीच संपली, कोणती वस्तू कशाच्या बाजूला, किती खोल होती ते परत मांडता येत नाही. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर उभं राहून मोबाईलवर लोकेशन घे, मीटरभराची काठी आडवी ठेवून चारी बाजूंनी फोटो काढ, गट नंबर लिही. हे सगळं एका अर्जात घालून राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला आणि कलेक्टर ऑफिसला दे, तिन्ही ठिकाणी पोच घे. पोच नसेल तर अर्ज दिला नाही असं समज. ग्रामसभेचा ठराव झाला तर फारच चांगलं.

कोळशासाठी जमीन १९५७ च्या कोल बेअरिंग एरियाज कायद्याखाली घेत असतील तर कलम ७ ची अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत हरकत घेता येते, ती तारीख चुकवू नकोस. जनसुनावणी लागली तर तिथे बोलायचंच आणि लेखी पण द्यायचं. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतल्या अर्जात १५ किलोमीटरच्या आतल्या सांस्कृतिक महत्त्वाच्या जागा लिहायच्या असतात. तो रकाना मागून बघ. बऱ्याचदा ‘निरंक’ लिहिलेलं असतं, खोटं बोलायचं म्हणून असं नाही, भरणाऱ्याला माहीतच नसतं. खाणीचा नकाशा एका ऑफिसात, पुरातत्त्वाची यादी दुसऱ्या ऑफिसात, आणि दोन्ही कागद एका टेबलावर कधी आलेले मी नोकरीत पाहिले नाहीत. तुझा अर्ज पोचला की ते काम तू केलंस.

मागायचं काय, तर सरसकट ‘खाण नको’ हा एक मार्ग आहे, तो तुमच्या गावाने ठरवायचा. पण खाण होणारच असेल तर मायनिंग प्लॅनवर ती जागा दाखवून घ्या आणि तिच्याखाली काय करणार ते लिहून घ्या. इथे एक चूक सगळे करतात. म्हणतात बरोबर खाली एक पिलर सोडा, झालं. वर्तुळाएवढाच पिलर सोडला तर चारी बाजूची जमीन खचते आणि ते वर्तुळ नेमकं ताणाच्या पट्ट्यात येतं, म्हणजे सोडून नुकसान. सोडायचा तर तो खोली आणि कोन धरून वाढवलेला, मोठा सोडावा लागतो. तेवढा कोळसा सोडायला कंपनी तयार होत नसेल तर दुसरा उपाय वाळू भरून काम करायचा, आणि तिसरा म्हणजे पॅनलच असं आखायचं की ती जागा बशीच्या मधोमध येईल आणि सारखी खाली जाईल. तिसरा ऐकायला उलटा वाटतो पण दगडाच्या वर्तुळाला चालू शकतो. लेण्याला मी सुचवणार नाही. काहीही ठरलं तरी आधी टोटल स्टेशनने (मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने) पूर्ण मोजणी, कुंपण, आणि भेग भरायची वेळ आली तर हाताने, पुरातत्त्वाचा माणूस उभा असताना. डोझर नाही. हे वाक्य जसंच्या तसं अर्जात टाक.

भूमिगत ब्लास्टिंगने देऊळ हलतं का? मॅनेजर म्हणतात रीडिंग लिमिटमध्ये आहे. (एक ग्रामपंचायत सदस्य)

लिमिट कोणतं ते विचारा. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, म्हणजे धनबादच्या डीजीएमएसचं, १९९७ चं परिपत्रक आहे. त्यात साध्या घरांना वेगळी मर्यादा आणि ऐतिहासिक, नाजूक वास्तूंना वेगळी. ऐतिहासिकला कंपनाचा वेग ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला २ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला ५, त्यापुढे १०. नुसतं ‘चारच आहे’ म्हणून चालत नाही, फ्रिक्वेन्सी, म्हणजे जमीन सेकंदाला किती वेळा हलते तो हर्ट्झचा आकडा, किती ते सांगायला हवं, कारण ८ च्या खाली चार म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. आणि यंत्र देवळाच्या पायाशी ठेवलं होतं की खाणीच्या गेटवर, ते पण विचारा. तसं भूमिगत ब्लास्ट ओपनकास्टच्या मानाने फारच लहान असतात.

माझे मिस्टर उदयपूरकडे खाणीत आहेत. इथे जावरला जुन्या खाणीच पुरातत्त्व आहेत म्हणे! मग खाणीपासून खाण वाचवायची? (एक वाचक, उदयपूर)

हो, अगदी तसंच, आणि मला हा प्रश्न सगळ्यात आवडला. जावरला मध्ययुगात जस्त तयार व्हायचं, सहज नाही ते, कारण भट्टीत जस्ताची वाफ होऊन उडून जाते. त्यांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी केल्या, भट्टीत उलट्या लावल्या, एका भट्टीत छत्तीस, आणि वाफ खाली उतरवून थंड केली. १९८० च्या दशकात बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून तिथे काम केलं, तेव्हा भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या. ज्या कंपनीची खाण तीच उत्खननात, असं फार कमी होतं. वापरून टाकलेल्या मुशींचे ढीग आहेत आणि गावात लोकांनी त्या घराच्या भिंतीत विटांसारख्या लावल्यात, मिस्टरांना म्हणावं रविवारी दाखवून आणा. सर्व्हेअर म्हणून सांगतो, जुन्या लोकांच्या गल्ल्या खाणीच्या नकाशावर असाव्याच लागतात, नसल्या तर नवीन काम जाऊन त्यात घुसतं आणि साठलेलं पाणी अंगावर येतं. म्हणजे इथे पुरातत्त्व जपणं आणि जीव वाचवणं एकाच नकाशावर होतं.

ऑस्ट्रेलियात वोलोंगाँगजवळ राहतो. इथे लाँगवॉल खाणींवर आदिवासींच्या चित्रांच्या गुहा आहेत. इथले लोक काय वेगळं करतात? (एक वाचक)

लाँगवॉलमध्ये पॅनलच्या आत खांब ठेवतच नाहीत, मशीन एका बाजूने थर कापत जातं आणि मागे छत पडत जातं. तुमच्याकडे थर चारशे-पाचशे मीटर खोल, वर वाळूखडकाचे कडे, आणि कड्यांच्या पोटात हातांचे ठसे, लोणारी कोळशाने काढलेली चित्रं. कोळशासाठी खाली पोखरायचं आणि वर कोळशानेच काढलेलं चित्र तडकायचं. वेगळं असं की तिथे खाण जायच्या आधी प्रत्येक गुहा शोधून तिची नोंद करतात, मग खाण खालून जाताना आणि गेल्यावर पुन्हा बघतात. त्यामुळे बहुतेक गुहांना काही झालं नाही आणि थोड्या तडकल्या हे नोंदीवरून सांगता येतं. तडकलेलं दुरुस्त होत नाही, ते तिथेही नाही. पण आपल्याकडे किती तडकलं हे सांगायला आधीचा फोटोच नसतो.

आमच्याकडची खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता जुन्या देवळाला धोका नाही ना? (एक वाचक, वरोरा)

वरोऱ्याचा माणूस हे विचारतोय म्हणजे बघा, तुमच्याकडची कोळसा खाण १९०६ लाच बंद झाली. धोका बंद होत नाही, लांबतो. पंप थांबले की खाण पाण्याने भरते, राहिलेले खांब भिजतात, वर्षानुवर्षं झिजतात, आणि थर उथळ असेल तर एक दिवस वर खड्डा पडतो. बंद केलेल्या खाणीचा नकाशा डीजीएमएसकडे जमा करायचा नियम आहे, माहितीच्या अधिकारात मागता येतो. देवळाचा गट नंबर त्या नकाशावर टाकून बघा, खाली गल्ल्या आहेत की भरीव आहे.

आणि सावनेरच्या बेट्या, तुझ्या घरच्यांना विचारून ठेव, कापूस निघाला की मी येतो. टेप आणि लेव्हल माझी, काठी तू आण. रंगाचा डबा आणणार नाही.